साथीच्या काळात स्वित्झर्लंड : अडकलेल्या दिवसाचा हिशोब

स्वित्झर्लंडचा बेत ठरला की आपल्याकडे सगळी घासाघीस विमानाच्या तिकिटावर चालते. लातूरहून निघा नाहीतर संभाजीनगरहून, पाच-सात हजार वाचले की मंडळी खूश. पण मधेच साथ आडवी आली तर खिसा रिकामा होतो तो तिथं अडकून पडलेल्या दिवसांनी. हॉस्टेलच्या सामाईक खोलीत एक खाट साधारण ४० ते ५० फ्रँक, स्वतः रांधून खाल्लं तरी वर १५ ते २० फ्रँक. २०२० च्या मार्चमध्ये फ्रँक ७५-७८ रुपयांना होता, आता शंभरीपार आहे. म्हणजे काही न पाहता नुसतं बसून राहिलं तरी माणशी रोज सहा-साडेसहा हजार. चौघं असाल तर आठवड्यात पावणेदोन लाखांची काशी. म्हणून बेत असा आखावा की मोडायची वेळ आली तर पटकन मोडता येईल.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दारं किती भराभर लागली ते तारखांवरून कळतं. २५ फेब्रुवारीला इटलीला लागून असलेल्या स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात पहिला रुग्ण सापडला. २८ फेब्रुवारीला हजारावर माणसं जमतील असे कार्यक्रम बंद झाले, त्यात जिनिव्हाचा मोटार शोही गेला. १६ मार्चला ‘असाधारण परिस्थिती’ जाहीर झाली. किराणा आणि औषधांची दुकानं सोडून जवळपास सगळ्याला कुलूप. १९ मार्चपासून रेल्वेनं गाड्या कमी केल्या, डोंगरावरच्या पर्यटन गाड्याही बंद पडल्या. इकडे भारतानं १८ मार्चपासून युरोप आणि स्वित्झर्लंडच्या प्रवाशांना विमानात घ्यायलाच कंपन्यांना मनाई केली, आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. अडकलेल्या भारतीयांना परत आणणारी ‘वंदे भारत’ उड्डाणं सुरू व्हायला ७ मे उजाडला. म्हणजे हालचाल करायला जेमतेम तीन आठवडे होते. यातला खरा धडा सरळ आहे : तिथल्या बातम्यांपेक्षा दिल्लीच्या आदेशांवर डोळा ठेवा. स्विस राजधानी बर्नचं दार अर्धं उघडं असलं तरी घरचं दार लागलं की अडकलातच.

आता पैसे परत मिळण्याचं. इथं घाई नडते. तिकीट तुम्ही रद्द केलं तर कंपनीचे रद्द करण्याचे नियम लागतात. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे मागता येतात. स्वित्झर्लंडमधून सुटणाऱ्या विमानाला विमानप्रवाशांच्या हक्कांचा युरोपचा २६१ क्रमांकाचा नियम लागू आहे, मग कंपनी कुठलीही असो. उड्डाण रद्द झालं तर सात दिवसांत परतावा किंवा दुसऱ्या मार्गानं पोचवणं, यातलं काय हवं ते प्रवासी ठरवतो, आणि व्हाउचर त्याच्या संमतीशिवाय माथी मारता येत नाही. दुसऱ्या विमानाची वाट पाहावी लागली तर तोवरचं जेवण आणि हॉटेल कंपनीकडे. वरची रोख भरपाई मात्र साथीसारख्या कारणात मिळत नाही. आणि विमान उडतंय, पण प्रवासबंदीमुळे तुम्हीच चढू शकत नाही, अशा वेळी हा नियम कामाला येत नाही. तिकीट गावातल्या एजंटाकडून काढलं असेल तर परतावाही त्याच्याच हातून येतो. म्हणून बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकायला लावा आणि पीएनआर स्वतःकडे लिहून ठेवा. नाहीतर उड्डाण रद्द झाल्याचा निरोप एजंटाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो.

व्हिसाच्या चिठ्ठीवर लोक ‘पर्यंत’ची तारीख पाहून निर्धास्त होतात. पाहायचा आकडा दुसराच : मुक्कामाचे दिवस. शेंजेन व्हिसाला (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) सहसा १५ दिवसांची जादा मुदत जोडून येते, पण मुक्कामाचे दिवस १२ लिहिले असतील तर १२ च. ते संपायच्या आत तुम्ही ज्या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या राज्यात) आहात त्याच्या स्थलांतर कार्यालयात अर्ज करायचा. आपल्या हाताबाहेरचं कारण असेल तर मुदतवाढ विनाशुल्क देण्याची तरतूद व्हिसा संहितेच्या ३३ व्या कलमात आहे. रद्द झालेल्या उड्डाणाचा कागद, विम्याची वाढीव मुदत आणि पैशांचा पुरावा सोबत लागतो. मुदत उलटल्यावर गेलात तर तोच अर्ज फार अवघड होऊन बसतो.

रेल्वेपासाबाबत आमचं मत ठाम आहे. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो, आणि एकदा सुरू झाला की दिवस पळत राहतात, गाड्या चालोत न चालोत. अनिश्चित काळात हाफ फेअर कार्ड बरं. त्याची किंमत २०२० मध्ये १२० फ्रँक होती, महिनाभर चालतं, आणि जेवढा प्रवास तेवढंच अर्धं तिकीट. युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनच्या (३४५४ मीटर) गाडीत तर ते सरळ ५० टक्के सूट देतं. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट नेतो, पण पुढे सूट फक्त २५ टक्के. सुपरसेव्हर तिकिटं स्वस्त दिसतात, पण ती ठरलेल्या गाडीचीच असतात आणि परत घेतली जात नाहीत. चार दिवसांपलीकडची काढूच नका.

अडकायचंच झालं तर स्वयंपाकघर असलेली जागा शोधा, आणि शक्यतो अशा गावात, जिथं राहत्या जागेकडून मिळणाऱ्या पाहुण्यांच्या कार्डावर स्थानिक बस फुकट असते. बर्न, बाझेल, इंटरलाकेनमध्ये ही सोय आहे. तिचिनोत तर कँटनभरचा सार्वजनिक प्रवास येतो. मिग्रो, कोप, डेनर, आल्डी ही किराण्याची ठिकाणं. रविवारी जवळपास सगळं बंद, स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी, म्हणून शनिवारी दुपारीच भरून घ्या. पाणी विकत घेऊ नका. नळाचं आणि रस्त्यावरच्या हौदाचं पाणी पिण्याचं असतं, फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेलं तेवढं टाळायचं.

घरून काय न्यावं? शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, ज्वारीचं पीठ, कोरडे धपाटे. युरोपाबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे घरीच ठेवा. दुधात भिजवलेल्या दशम्यांचा मोहही नको. कस्टमवाल्याशी त्यावर कोण वाद घालणार. हिरव्या मिरच्या, कढीपत्ता आणि आंबेही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत.

औषधांचा विसर मात्र महागात जातो. स्वतःसाठी महिनाभराचाच साठा नेता येतो, आणि बीपी-शुगरची आपली ब्रँडची नावं तिथल्या अपोथेकेत (औषधाच्या दुकानात) ओळखीची नसतात. डॉक्टरांकडून मूळ घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. त्यावरून तिथला डॉक्टर नवी चिठ्ठी देतो, फी भरून. रुग्णवाहिकेचा नंबर १४४.

विमा व्हिसापुरता ३० हजार युरोचा घेतला की झालं असं समजू नका. तीन कलमं वाचा : साथरोग वगळलाय का, मुक्काम लांबला तर मुदत आपोआप वाढते का, आणि विलगीकरणातला हॉटेलखर्च मिळतो का. साथीची बातमी पसरल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ती ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरू शकते. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी कंपनीच्या चोवीस तास क्रमांकावर फोन करा, नाहीतर कॅशलेस अडतं.

शेवटचा टप्पा सगळे विसरतात : मुंबई ते घर. २०२० मध्ये २२ मार्चपासून रेल्वेही थांबली आणि २३ मार्चला महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. त्याच्या आठवडाभर आधी घरी विलगीकरणात राहायच्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारायला सुरुवात झाली होती. नांदेड-परभणीच्या माणसानं देवगिरी किंवा नंदिग्राम एक्सप्रेसच्या आरक्षणावर विसंबून राहू नये. मुंबईत दोन रात्री काढायची सोय आधी बघून ठेवा आणि घरून येणाऱ्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव हाताशी असू द्या. जिल्हाबंदीत प्रवासाचा पास निघाला तर तो याच तपशिलावर निघतो.