देखाव्यातल्या हत्तीपासून चालत्या यंत्रापर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते रसाचे घाणे दुरुस्त करायला सुरू केलं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि वेल्डिंगचा सेट, एवढ्यावर. गणपतीचे हलते देखावे नंतर आले. प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री एका मंडळाच्या गरुडाचे पंख अडकले, तेव्हा पोरांनी गरुड टेम्पोत घालून आणला. आबांनी क्रँक, म्हणजे पंख हलवणारा गोल फिरणारा दांडा, दोन सूत आखूड केला आणि पंख हलले. पुढच्या वर्षापासून मंडळं ठरूनच गेली.

देखाव्यातला हत्ती सोंड हलवतो, कान हलवतो, पण मिरवणुकीत जातो तो चाकांच्या गाड्यावर. त्याचे पाय नुसते वरच्या वर हलतात. आबांना हे फार खटकायचं. म्हणायचे, "पाय हलत्यात, पण त्यो चालत न्हाई."

2020 च्या गणपतीत देखावेच झाले नाहीत. हातात काम नव्हतं, लेथ मात्र होता. पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या माझ्या मुलीने तेव्हा तेओ यान्सेन या डच कलावंताचं काम दाखवलं. 1990 पासून हा माणूस वायरिंगच्या प्लास्टिक नळ्यांतून वाऱ्यावर चालणारे प्राणी बांधतो आणि समुद्रकिनाऱ्यावर सोडतो. त्याच्या पायाचं सगळं मर्म 11 आकड्यांत आहे. ते लांबीचे नाहीत, प्रमाणाचे आहेत, आणि त्याने ते सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. क्रँक 15 धरला, तर एक दांडी 50, दुसरी 61.9, असं. या प्रमाणात दांड्या जोडल्या की क्रँक गोल फिरतो आणि पायाचं टोक जमिनीवर असेपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत मागे सरकतं, मग उचलून पुढे येतं. वर बसलेल्याला हेलकावे कमी बसतात ते यामुळेच.

माणूस वर बसेल असं चालतं यंत्र करायचं आम्ही ठरवलं. एक भाग म्हणजे 15 मिलिमीटर धरला. क्रँक 225 चा आणि सगळ्यात लांब दांडी मीटरला जरा कमी. दोन्ही बाजूंना सहा-सहा पाय, क्रँक 120 अंशांवर, म्हणजे काही पाय हवेत असताना बाकीचे भार घेतात. प्लायवूडचा एक पाय हाताने फिरवून पाहिला तेव्हा आबा कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग लोखंडी चौकोनी पाइप आणला, ई-रिक्षाच्या दोन मोटरी आणल्या, प्रत्येक बाजूला वेगळी. वळायचं असेल तर एक बाजू थांबवायची, दुसरी चालवायची.

पहिलं यंत्र चार पावलं चाललं आणि बसलं. एका पायात सहा सांधे, बारा पायांचे साठाहून जास्त. आम्ही बोल्ट थेट भोकात घातले होते. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर प्ले, म्हणजे सैलपणा, पण टोकापर्यंत पोचेस्तोवर त्याचा बोटभर झाला. काही पाय जमिनीला लागेनात, उरलेल्यांवर सगळा भार आला आणि क्रँक वाकला. ते दुरुस्त करण्यात आमचे सात महिने गेले. सगळी भोकं नेमक्या जागी पडावीत म्हणून जिग, म्हणजे साचा, लावून पुन्हा मारली, सांध्यांत गनमेटल या मिश्रधातूचे बुश, म्हणजे छोट्या नळ्या, चढवले, क्रँकच्या दोन्ही टोकांना बेअरिंग दिलं. प्रत्येक बुश आबांनी स्वतः लेथवर काढला. यान्सेनच्या हलक्या नळ्यांना जे खपतं, ते माणूस वर बसवणाऱ्या लोखंडाला खपत नाही.

आता ते चालतं. रमतगमत फिरणाऱ्या माणसाहून सावकाश, पण चालतं. वळताना पाय घासतात म्हणून तळाला जुन्या ट्रकच्या टायरचे तुकडे लावलेत. त्याच्यावर पहिल्यांदा आबाच बसले.

त्यानंतर एका मंडळाने वरून फायबरचा हत्ती चढवून मागितला. पैसे चांगले होते, तरी मी नाही म्हणालो. एक दांडी दुसरीला कशी ढकलते, पाय उचलायच्या आधी गुडघा कसा मागे जातो, तेच तर बघायचं असतं. ते झाकलं तर आमच्या जुन्या देखाव्यात आणि यात फरक काय राहिला?

सध्या दुसऱ्या यंत्राचं काम चालू आहे, जोडीने बसता येईल असं. क्रँक जाड घेतलाय, आणि या वेळी प्रत्येक सांध्याला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, आहे. सगळ्यांना ग्रीस भरायला दोन माणसांना अर्धा दिवस लागतो. ज्याला यंत्र देऊ त्याला आधी हे शिकवायचं, असं आबांनी सांगून ठेवलंय.