ओलं ऑनिंग गुंडाळण्याची किंमत

बाल्कनीवरचं पहिलं ऑनिंग, म्हणजे गुंडाळता येणारं कापडी छत, मी फक्त रंग बघून घेतलं होतं. गडद हिरवा, जाड सुती कॅनव्हास, पुढे नागमोडी झालर. पाऊस सुरू झाला की ते भिजू नये म्हणून मी धावत जाऊन गुंडाळायचे. मी पोहोचेपर्यंत ते भिजलेलंच असायचं, ते सोडा.

एकदा असंच ओलं गुंडाळून आठ दिवस बाहेरगावी गेले. परत येऊन उघडलं तर कुबट वास आणि घडीच्या रेषेवर काळ्या ठिपक्यांची रांग. सूत हे बुरशीचं आयतं खाद्य. मी ब्लीच ओतून घासलं. रंग उडाला, ठिपके राहिले आणि त्या जागी अंगठा दाबला तर कापड जुन्या पोत्यासारखं टरकलं.

दुसरं घेताना ऑनिंग शिवणाऱ्या कारागिरासमोर ठाण मांडून बसले. त्याने दोन कापडांच्या कडा उसवून दाखवल्या. एकात रंग लाल मुळ्याच्या सालीसारखा, फक्त वर. आतला धागा पांढरा. दुसरं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम तंतूचं, रंग गाजरासारखा आरपार, कारण तंतू बनतानाच त्यात रंग मिसळलेला. हे उन्हात लवकर विटत नाही. चौरस मीटरला साधारण 300 ग्रॅम वजनाचं तेच घेतलं. शिवायचा दोरा कुठला, हेही विचारलं, कारण कापड धड असताना उन्हाने आधी शिवणच सुटते.

उतारात मात्र मी हट्ट केला. डोक्याला पुढची दांडी लागू नये म्हणून ती उंच ठेवायला लावली. पहिल्याच सरीत कापडाला मधोमध पोट सुटलं. दहा लिटर पाणी साचलं तरी दहा किलो झालं, आणि ते सगळं कापडावर नि ते पेलणाऱ्या ऑनिंगच्या दांड्यांच्या सांध्यांवर! शेवटी मीटरभर पुढे गेल्यावर 25 सेंटीमीटर खाली, म्हणजे सुमारे 14 अंश, इतका उतार दिला. आता मी वाकून जाते.

अ‍ॅक्रिलिकला बुरशी खात नाही, पण वर साचलेल्या धुळीवर आणि पाल्यावर ती धरतेच. म्हणून कोरडं असताना मऊ ब्रश मारते. पक्ष्यांची घाण मात्र आधी भिजवून काढायची. खरवडली की कापडात जिरते. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मग भरपूर साधं पाणी. साबण राहिला तर पाण्याचे थेंब घरंगळत नाहीत, कापड ते पितं. तसं झाल्यावर एकदा, पूर्ण वाळवून, जलरोधक फवारा मारला होता. जोरात पाणी मारणारा प्रेशर वॉशर शेजाऱ्यांनी देऊ केला, नको म्हटलं.

परवा रात्री वादळ आलं तेव्हा ओलंच गुंडाळावं लागलं, वाऱ्यात उघडं ठेवणं त्याहून वाईट. सकाळी चहाच्या आधी ते उघडलं. झालरीची एक शिवण दोन बोटं उसवली आहे. सुई आणली आहे, जाड दोरा अजून मिळायचाय.