वोल्पे आणि कोकणची मनीऑर्डर

‘कोकण मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगते’ हे वाक्य आमच्या राजापूर तालुक्यात इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी हरकत घेत नाही. हा हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो, हे मला ज्यांच्या लेखनामुळे कळले त्या हॅरोल्ड वोल्पे यांच्या अभ्यासाचा विषय मात्र दक्षिण आफ्रिका हा होता. वोल्पे मूळचे वकील. वर्णभेदी राजवटीने अटक केल्यावर 1963 साली जोहान्सबर्गच्या कोठडीतून ते साथीदारांसह निसटले, पुढे इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले आणि 1972 साली त्यांनी स्वस्त श्रमशक्तीवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. (तुरुंगातून पलायनाची कथा निबंधापेक्षा अधिक वेळा सांगितली जाते, हे मला नेहमी खटकते.)

त्या काळचे उदारमतवादी अभ्यासक असे मानत की वर्णभेद हा जुनाट पूर्वग्रह असून भांडवलशाही वाढली की तो आपोआप गळून पडेल. वोल्पेंनी नेमके याच्या उलट मांडले. 1913 च्या कायद्याने कृष्णवर्णीयांसाठी देशातील सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली आणि 1936 साली हे प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांवर नेण्याची तरतूद झाली. या राखीव प्रदेशांतून खाणीत आलेल्या पुरुषाला मिळणारी मजुरी त्याच्या एकट्याच्या पोटापुरती होती, कारण मुले, म्हातारे आणि आजारी यांचा भार गावाकडची शेती उचलत होती. लोकसंख्येच्या दाटीने ती शेती खचू लागली, तेव्हा मजुरी वाढवणे किंवा सक्ती वाढवणे हे दोनच मार्ग उरले. 1948 नंतरची वर्णभेदी राजवट म्हणजे दुसऱ्या मार्गाची निवड होय.

या मांडणीने दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासलेखनाची दिशा बदलली. मार्टिन लेगासिक यांच्यासारखे समकालीन मार्क्सवादी अभ्यासकही याच वाटेने चालले होते. पण भांडवलशाही आणि तिच्या आधीची उत्पादनपद्धती एकमेकींना जोडून कशा चालतात, या प्रश्नाला वोल्पेंनी जी धार दिली तिचा उपयोग इतर देशांच्या अभ्यासकांनाही झाला. आपल्याकडे गेल ऑम्व्हेट यांनी 1980 साली वसाहतकालीन भारतातील स्थलांतरावर लिहिलेला निबंध याच चर्चेच्या परिभाषेत आहे.

आमच्याकडेही हेच चित्र होते. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईच्या कापडगिरणीत गेलेला माणूस गावच्या गाळ्यात (गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत) किंवा चाळीच्या खोलीत दहाजणांबरोबर राही आणि खानावळीत जेवे. शिमग्याला किंवा गणपतीला घरी आला की परत जाताना तांदूळ, कुळथाचे पीठ आणि सोले बांधून नेई. इकडे राब भाजणे, तरवा काढणे, लावणी, झोडणी, गुरेढोरे हे सगळे त्याची बायको आणि आई पाहत. गिरणीत पाय किंवा फुप्फुस निकामी झाले की तो कायमचा गावी येई आणि त्याचे औषधपाणीही त्याच भाताच्या कुणग्यांवर निघे. मनीऑर्डरीची पावती जपून ठेवली जाई. मुंबईला गेलेल्या तांदळाची पावती कोणी लिहिलीच नाही. वोल्पेंची दृष्टी घेतली की मालकाची वाचलेली मजुरी या न लिहिलेल्या पावतीत सापडते.

ही चौकट मात्र कोकणावर जशीच्या तशी बसत नाही. इथे दक्षिण आफ्रिकेसारखे पासचे कायदे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या येण्याजाण्यावर परवान्याचे बंधन घालणारे कायदे, नव्हते. माणसाला गावाबाहेर ढकलण्याचे काम खोतीने (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या कुळांवरील सत्तेने), जातीने आणि तुटपुंज्या, हलक्या वरकस जमिनीने केले. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले ते उगाच नव्हे.

शिवाय वोल्पेंच्या निबंधात बाई जवळजवळ गप्प आहे. दक्षिण आफ्रिकेतील समाजशास्त्रज्ञ बेलिंडा बोझोली यांनी 1983 साली हाच आक्षेप घेतला: बायकांनी मागे राहून शेती ओढावी, हे भांडवलाच्या सोयीने आपोआप घडत नाही, त्यामागे घराघरांतला संघर्ष असतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दुसरी अडचण संपाची. मुंबईच्या गिरणी कामगारांचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवले की गावाशी असलेले नाते कामगाराला लांबलचक संप रेटण्याचे बळही देत असे. जानेवारी 1982 मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा कितीतरी जण गावी परतून नांगराला लागले. मालकाचा खर्च वाचवणारी शेती तेव्हा त्याच्याविरुद्ध उभी राहिली. व्यवस्थेला जे हवे तेच घडते, असा सूर वोल्पेंच्या पहिल्या लेखनात आहे आणि 1988 च्या पुस्तकात त्यांनी स्वतःच तो बराच सैल केला.

तरीही त्यांचा प्रश्न जुना झालेला नाही, फक्त आपली बाजू बदलली आहे. आज हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी गडी असतात आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील मासेमारी बोटींवर नेपाळी खलाशी दिसतात. ‘त्यांना एवढ्यात परवडते’ असे बागवाले सहज म्हणतात. परवडते, कारण त्या माणसाची मुले आणि म्हातारे आईबाप नेपाळच्या डोंगरातल्या शेतावर जगतात, आणि ते शेत त्याची बायको कसते.