भीत भीत गेलेली माणसं

नाताळ उरकला की आमच्याकडे खरी धांदल सुरू होते. पुणे, गोवा, मिरज, बेंगळूर अशी चहूकडे पांगलेली पोरं घरी आलेली असतात. कर्नाटक विधानसभेचं हिवाळी अधिवेशन संपून, ते जिथं भरतं त्या सुवर्णसौधाकडचा पोलीस बंदोबस्त हललेला असतो, म्हणजे बेळगावात गाड्या पुन्हा नेहमीच्या रस्त्यानं धावायला लागतात. वर्षाअखेरच्या उपासनेआधी असा एक मोकळा दिवस गाठून आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचा वार्षिक मेळावा भरतो. या तरुण संघाची चिटणीस मी, साठी ओलांडलेली. यावर हसणाऱ्यांनी पुढं येऊन वही हातात घ्यावी, मी आजही द्यायला तयार आहे.

सुरुवातीचं सगळं ठरलेलं. प्रार्थना, शास्त्रवाचन, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांना शाल आणि कुंद्याचा पुडा. गीतं मराठीत आणि कानडीत, चाल एकच. ज्याला जे येतं ते तो म्हणतो. बाहेरून आलेल्यांना याचं फार कौतुक वाटतं, आम्हाला सवय आहे. जमाखर्च मीच वाचते, आणि तो ऐकताना कोण डुलक्या घेतं हे मला वरून नीट दिसतं.

मी थांबलेली असते ती साक्षीच्या तासासाठी. पूर्वी या तासाला कोणीही उठून काहीही सांगायचं. परीक्षेत पास झालो, म्हैस सापडली, जावयाला नोकरी लागली, प्रभूचे आभार. मग आम्हाला एक पाळकसाहेब लाभले. त्यांनी एका वर्षी विषयच बांधून दिला: देवानं तुम्हाला एखाद्या कामाला बोलावलं तेव्हा तुम्ही कशाला भ्यालात ते सांगा. आणि वर अट घातली. ‘भीती पळून गेली’ हे वाक्य शेवटी म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी भीती कशाची होती ते नावानिशी सांगायचं. पाळकसाहेबांची यथावकाश बदली झाली, विषय मात्र इथंच राहिला.

त्यांनी त्या दिवशी शास्त्रातून जे दाखवलं ते मला अजून तोंडपाठ आहे. गिदोनाला दूताची हाक आली तेव्हा तो मिद्यानी लोकांच्या धास्तीनं द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, आणि दूत त्याला म्हणतो काय, तर बलवान वीरा! यिर्मया म्हणाला, मी अजून पोर आहे, मला बोलता येत नाही. मोशे म्हणाला, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देवानं मोशेची जीभ हलकी केली असं कुठं लिहिलेलं नाही. सोबतीला भाऊ अहरोन दिला आणि जा म्हणाला. ‘भिऊ नको’ हे शब्द शास्त्रात जिथं जिथं येतात तिथं ऐकणाऱ्याची आधीच गाळण उडालेली असते, असं ते म्हणाले. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्या दिवशी मोबाईल खिशात घालून बसली होती.

साक्षींच्या आधी आमचे गुरुजी बोलतात. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरा शर्ट, हातात चिठ्ठी नाही. विषय दर वर्षी एकच, बाबा पदमनजी. तरुण मंडळी कुरकुरतात, कार्यकारिणीत एकदा हे भाषण वगळायचा ठरावही आला होता. मी तो मांडू दिला नाही, आणि पुढंही देणार नाही. बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले. लंडन मिशनचं काम इथं १८२० मध्ये सुरू झालं होतं. मिशनच्याच शाळेत बाबा शिकले आणि पुढच्या शिक्षणाला मुंबईला गेले. मनानं ते ख्रिस्ताकडे केव्हाच वळले होते. पाय मात्र निघत नव्हता. आईबाप तुटतील, जात वाळीत टाकील, या भयानं वर्षं गेली. शेवटी बाप्तिस्मा झाला तो १८५४ मध्ये, आणि तोही परमुलखात नव्हे, जिथं सगळे ओळखत होते त्या बेळगावातच. तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचं ‘यमुनापर्यटन’ आलं. विधवांच्या हालांवरचं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानतात. इथं आले की गुरुजी चष्मा काढतात आणि विचारतात, “हा माणूस भ्यायला नसता तर दुसऱ्याचं दुःख त्याला कळलं असतं का हो?” प्रश्न दर वर्षी तोच, उत्तर कोणीच देत नाही. तरी मला तो ऐकायचा असतो.

आता साक्षी. सगळ्या लिहायच्या तर वही पुरायची नाही, म्हणून ज्या मला झोपू देत नाहीत तेवढ्याच सांगते.

मिरजेच्या सिस्टर जांबोटीच्या पलीकडच्या रानातल्या गावच्या. आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांतल्या मुली नर्सिंग म्हटलं की मिरजेलाच जायच्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासूनची ही वाट. सिस्टरना लहानपणापासून आजाऱ्याची सेवा करायची ओढ होती, आणि भीती होती मेलेल्या माणसाची. आजी गेली तेव्हा त्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हत्या, गोठ्यात जाऊन बसल्या होत्या. शिकायला गेल्यावर रात्रपाळीला वॉर्डातली एक म्हातारी गेली. मोठ्या सिस्टरनी सांगितलं, गरम पाणी आणि फडकं घे. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते: “पाय बधिर झाले. तेविसावं स्तोत्र मला आडवंतिडवं पाठ होतं, खरं त्या वेळी एक ओळ आठवंना. ‘तू माझ्याबरोबर आहेस’ एवढाच तुकडा हाताला लागला. तोच धरला आणि म्हातारीचं तोंड पुसलं. भीती गेली म्हणशीला तर नाही. पुढं कैक दिवस ड्युटीला जाताना पोटात गोळा यायचाच.”

ही साक्ष त्यांनी पहिल्यांदा दिली तेव्हा त्या ऐन उमेदीत होत्या. नंतर २०२० साल आलं. सिस्टरची निवृत्ती जवळ आलेली, घरचे सगळे म्हणत होते रजा टाका. कोरोनानंतरच्या पहिल्या मेळाव्यात त्या उठल्या आणि दोनच वाक्यं बोलल्या. “वॉर्डाच्या दारात पोटात गोळा आला. ओळखीचाच होता, म्हणून आत गेले.” एवढं बोलून खाली बसल्या. मी कार्यवृत्तात ती वाक्यं जशीच्या तशी घातली आहेत. नंतर कोणीतरी म्हणालं, साक्ष जरा त्रोटक झाली. त्या गृहस्थांची स्वतःची साक्ष अर्धा तास चालते, हे जाता जाता नोंदवते.

दुसरा आमचा वडगावचा पोरगा. बापाचा माग, घरात खटखटाट, आणि पोरगा बोलताना अडखळणारा. त्याला पाळक व्हायचं होतं. बापानं आयटीआयचा फॉर्म आणून ठेवला होता, आणि बापाचंही काही चुकत नव्हतं. ज्याला घरी पाणी मागताना त्रास होतो तो उपदेश काय करणार! तो साक्षीला उभा राहिला आणि पहिलाच शब्द ‘परमेश्वरानं’. प वर अडकला. ओठ मिटलेले, मान ताठ, शब्द येईना. एक लहान मूल खुदकन हसलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. पेटीवाल्या मास्तरांना राहवेना. सूर दिला तर पोरगा गीत म्हणून तरी सुटेल, म्हणून त्यांचा हात भात्याकडे गेला. पाळकसाहेबांनी तिथूनच मानेनं नको म्हणून सांगितलं. मला तेव्हा पाळकसाहेबांचा रागच आला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग शब्द आला. आणि तो म्हणाला, “मला वाटलं देव आधी माझी जीभ सोडवील आणि मग पाचारण करील. तसं झालं नाही. पाचारण आधी आलंय.”

तो पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणाला, गेला. आज चिकोडी भागात एका लहान मंडळीचा पाळक आहे, मराठी आणि कानडी दोन्हींत उपदेश करतो. कानडीत कमी अडखळतो, कारण त्यालाही ठाऊक नाही. अडखळतो म्हणून शब्द वाचवतो, म्हणून त्याचा उपदेश आटोपशीर, आणि तिथले लोक त्याच्यावर खूश आहेत. बाप दर मेळाव्याला पहिल्या रांगेत बसतो. आयटीआयच्या फॉर्मचा विषय आम्ही कोणी काढत नाही.

निपाणीच्या एका बाईंची साक्षही चांगली होती. मराठी शाळेत मास्तरीण व्हायचं त्यांच्या मनात पक्कं, खरं सगळी कागदपत्रं, बैठका, प्रशिक्षणं कानडीत. पहिल्या प्रशिक्षणाला जाताना त्या लाल बसमध्ये बसून रडल्या होत्या. “पवित्र आत्मा उतरला तेव्हा शिष्यांना एका दिवसात भाषा आल्या, मला तीन वर्षं लागली,” असं त्या म्हणाल्या आणि सगळी सभा हसली. सीमाभागात या विषयावर हसू येणं सोपं नाही, म्हणून मला ती साक्ष आवडते.

एका वर्षी कोणाच्या तरी ओळखीनं बाहेरचे वक्ते बोलावले. पडद्यावर चित्रं, भीतीवर विजय मिळवण्याची सात पावलं, प्रत्येक पावलाला वेगळा रंग. पोरांना आवडलं, मी नाही म्हणत नाही. मी घड्याळ बघत होते. त्या माणसाला स्वतःला कशाची भीती वाटते हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या प्रवासखर्चाची पावती मात्र माझ्या फाईलला आहे.

आणि एक साक्ष अशी, की ती साक्ष म्हणावी की नाही यावर आमच्यात अजून वाद आहे. आमच्या भाकरीवाल्या आक्का सगळ्यांचं ऐकून झाल्यावर हाताचं पीठ पदराला पुसत उठल्या. म्हणाल्या, “मला पण मिरजेचं पत्र आलं होतं. मी भ्याले आणि गेले नाही. माझी पण साक्ष धरा.” कोणाला काय बोलावं सुचेना. एक वडीलधारे म्हणाले, ही पराभवाची गोष्ट झाली, साक्षीच्या तासाला बसत नाही. मी कार्यवृत्तात ‘साक्ष’ असंच लिहिलं. मोशेसारखे सगळेच काही देवाच्या हाकेवर मिसरात परत गेले नव्हते. मागं राहिलेल्यांचंही देव ऐकत असेलच ना! पुढच्या साली खानापूरकडची एक मुलगी नर्सिंगला जायचं की नाही म्हणून घुटमळत होती, तेव्हा ती मिरजेच्या सिस्टरकडे न जाता आक्कांकडे जाऊन बसली होती, हे मी पाहिलं आहे. काय बोलल्या मला माहीत नाही. मुलगी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आता ज्यांच्यामुळे हे होतं त्यांची नावं लिहायला हवीत. नावं छापलेली त्यांना आवडत नाहीत म्हणून कामावरून सांगते, ज्यानं त्यानं ओळखून घ्यावं. पेटीवाले मास्तर आणि तबल्यावरचा त्यांचा नातू. शेजारच्या गणेशोत्सव मंडळाची मुलं, जी दर वर्षी जमखाना आणि खुर्च्या भाडं न घेता देतात आणि स्वतः उचलून आणतात. खडेबाजारचे साउंडवाले चाचा, ज्यांनी सगळ्या साक्षी ऐकल्या आहेत आणि कोणता माणूस माईकपासून लांब बोलतो हे त्यांना पाठ आहे. नवा तांदूळ पाठवणारी खानापूरकडची तिन्ही घरं. तिसऱ्या घराचं गेल्या अहवालात राहिलं म्हणून त्यांना वाईट वाटल्याचं कानावर आलंय, तेव्हा इथं ठळक लिहिते: तिसरं घर. मटणाला चव आणणारे कॅम्पातले मामा. भाकऱ्या बडवणाऱ्या स्त्री-समाजाच्या सगळ्या बायका, आणि चुलीपाशी बसून नुसत्या सूचना देणाऱ्या आजीसुद्धा. पाण्याचा टँकर वेळेवर आणणारा पोरगा, चपला राखणारी संडे स्कूलची लेकरं, दिवे गेले त्या वर्षी घरून इन्व्हर्टर उचलून आणणारे जावईबापू. भांडी घासायला थांबलेले दोघं भाऊ, जे मंडळीचे सभासदही नाहीत.

सकाळच्या प्रार्थनेला खुर्च्या निम्म्या रिकाम्या आणि दुपारी ताटं कमी पडतात, हे गणित मला कोणी समजावून सांगेल तर बरं. काही घरं तर त्याच दिवशी नेमकी गोव्याला सहलीला निघतात. त्यांची नावं मी लिहीत नाही, त्यांना ठाऊक आहेत. साक्षीच्या तासाला मांडवाबाहेर उभं राहून क्रिकेटचा स्कोर बघणाऱ्यांनाही मी ओळखते, त्यांतल्या दोघांचे बाप्तिस्म्याचे फोटो माझ्याकडे आहेत. यंदा प्रार्थना साडेनऊला. ज्यांना साक्ष द्यायची आहे त्यांनी आदल्या रविवारी उपासना झाल्यावर माझ्याकडे सांगावं. कशाला भ्यालात एवढं एका ओळीत लिहून आणलं तरी चालेल, बाकीचं उभं राहिल्यावर बघू.