फिजिक्स इंजिन : खोक्यांची चळत स्थिर झाली

एकावर एक रचलेली खोकी आता माझ्या फिजिक्स इंजिनात (वस्तूंची हालचाल आणि टकरी गणिताने चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) थरथरत नाहीत. कोलिजनवरच्या (वस्तूंच्या टकरीवरच्या) लिखाणात ज्या भागाला दोनच ओळी मिळतात, म्हणजे स्पर्शबिंदू निवडणं आणि ते पुढच्या फ्रेमला लक्षात ठेवणं, त्यानेच हे काम केलं, म्हणून ही नोंद.

ब्रॉड फेज, म्हणजे भिडू शकतील अशा जोड्यांची पहिली ढोबळ चाळणी, आहे तसाच ठेवलाय. १००० वस्तूंच्या ४,९९,५०० जोड्या होतात. त्या टाळायला बाउंडिंग बॉक्सच्या (वस्तूला वेढणाऱ्या, अक्षांना समांतर चौकटीच्या) कडा अक्षांवर क्रमाने लावायच्या आणि तिन्ही अक्षांवर एकमेकांत शिरलेल्या जोड्याच पुढे पाठवायच्या. एका फ्रेममध्ये वस्तू फारशा सरकत नाहीत, त्यामुळे मागची यादी जवळजवळ लागलेलीच असते आणि साधा इन्सर्शन सॉर्टही भराभर आटोपतो.

नॅरो फेजमध्ये, म्हणजे उरलेल्या जोड्यांच्या नेमक्या तपासणीत, आतापर्यंत सगळीकडे जीजेके होतं. गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांची १९८८ची ही पद्धत मला फार सुंदर वाटते. दोन कॉन्व्हेक्स (कुठेही आत न वळलेले) आकार भिडलेत का, याऐवजी ती विचारते की त्यांच्या मिन्कोव्स्की फरकात (एकाच्या प्रत्येक बिंदूतून दुसऱ्याचा प्रत्येक बिंदू वजा करून होणाऱ्या आकारात) आरंभबिंदू आहे का. आणि तो फरक पूर्ण बांधतही नाही, हव्या त्या दिशेचा टोकाचा बिंदू तेवढा मागते. गोल असो, शंकू असो, कोड एकच. भिडलेले निघाले तर ते एकमेकांत किती शिरलेत ती खोली ईपीए हा जोडीचा अल्गोरिदम काढतो.

पण सॉल्व्हरला (वस्तूंना किती धक्का द्यायचा ते ठरवणाऱ्या भागाला) एवढं पुरत नाही. जमिनीवर सपाट बसलेल्या खोक्यालाही ईपीएकडून एकच स्पर्शबिंदू मिळतो. खोकं त्या बिंदूभोवती कलतं, पुढच्या फ्रेमला बिंदू भलत्याच कोपऱ्यावर जातो, खोकं तिकडे कलतं. चळतीत ही थरथर वरपर्यंत पोचते.

म्हणून खोक्यांच्या जोड्यांपुरतं सॅट (सेपरेटिंग ॲक्सिस थिअरम) घेतलं : दोन आकारांच्या सावल्या ज्यावर वेगळ्या पडतात असा अक्ष शोधायचा, तो नसेल तर ते भिडलेत. १५ अक्ष : दोघांच्या फेसचे (सपाट बाजूंचे) तीन-तीन आणि कडांच्या क्रॉस प्रॉडक्टचे (दोन्ही कडांना लंब दिशांचे) नऊ. कडा समांतर असल्या की क्रॉस प्रॉडक्ट शून्याजवळ जातो. तो अक्ष सरळ सोडून द्यायचा. सर्वांत कमी खोली फेसच्या अक्षावर सापडली, तर तो फेस रेफरन्स (आधार) धरायचा आणि समोरच्या खोक्याचा त्याच्याकडे तोंड केलेला फेस रेफरन्सच्या कडांवर सदरलँड-हॉजमन पद्धतीने (एकेका कडेने बाहेरचा भाग छाटत) कापून घ्यायचा. रेफरन्स फेसच्या आत उतरलेले कोपरे म्हणजे स्पर्शबिंदू. ते जास्तीत जास्त आठ निघतात. सर्वांत खोल एक आणि मोठ्यात मोठं क्षेत्रफळ व्यापणारे आणखी तीन ठेवले की भागतं.

फेस आणि कड यांची खोली जवळपास सारखी असेल तेव्हा मुद्दाम फेसला झुकतं माप द्यायचं. नाहीतर फ्लोटिंग पॉइंटच्या शेवटच्या अंकांवरून दर फ्रेमला निवड बदलत राहते. शिवाय प्रत्येक बिंदूला, तो कोणत्या फेसच्या कोणत्या कडेतून आला त्यावरून, ओळखक्रमांक द्यायचा. पुढच्या फ्रेमला तोच क्रमांक दिसला की मागचा इम्पल्स (धक्का) घेऊनच सॉल्व्हर सुरू होतो, वरच्या खोक्यांचा भार त्याला नव्याने शोधावा लागत नाही. चळत खऱ्या अर्थाने शांत झाली ती यानंतर. कोलिजनच्या कोडने मागची फ्रेम लक्षात ठेवणं मला अल्गोरिदमच्या निवडीपेक्षाही मोलाचं वाटतं.

वेगवान वस्तू बाकी आहेत. सेकंदाला ३०० मीटर जाणारी गोळी १/६० सेकंदाच्या एका स्टेपमध्ये ५ मीटर जाते, म्हणजे पातळ भिंत एकाही फ्रेममध्ये न शिवता ओलांडते. पुढे कंझर्व्हेटिव्ह ॲडव्हान्समेंट (अंतर बघत, टक्कर चुकणार नाही एवढ्याच पावलांनी पुढे सरकणं) घालणार आहे. त्याला दोन आकारांमधलं अंतर लागतं आणि ते जीजेकेकडून आयतं मिळतं.