पट्टीचा संगणक नावाने सापडू लागला, तो अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीच्या अडतीचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, मागच्या खोलीतील एका संगणकावर तयार होतात आणि गादीवरचे दोन संगणक व दिवाणजींचा मोबाइल ब्राउझरमधून तो उघडतात. वीज जाऊन आली, की राउटर त्याला कधी कधी नवा आकडी पत्ता (आयपी) देई. ऐन सौद्याच्या दिवशी १९२.१६८.१.१२ चा १७ झाला आणि शेतकरी पट्टीसाठी ताटकळले, तेव्हा आकडे सोडून नावाने काम चालवायचे मी ठरवले.

राउटरमध्ये पत्ता कायम करून तेवढ्यापुरते भागले असते. परंतु उद्या संगणक बदलला तर सगळीकडे नवा आकडा भरावा लागला असता. म्हणून पत्ता कायम केलाच, शिवाय रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डीएनएसमास्क हा डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगण्याचा, प्रोग्राम बसवून त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये पत्ता आणि नाव यांची एक ओळ लिहिली. नावाच्या शेवटी 'डॉट लोकल' लावले नाही, कारण तो शेवट एमडीएनएससाठी, म्हणजे उपकरणांनी सर्व्हरशिवाय एकमेकांची नावे शोधण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. घरगुती जाळ्यासाठी २०१८ मध्ये राखून ठेवलेला 'होम डॉट अर्पा' घेतला.

खरी अडचण पुढे आली. "अहो, नाव सकाळी लागतं आणि दुपारी लागत नाही," असे दिवाणजी सांगू लागले. पायला थेट विचारले, तर दर वेळी अचूक उत्तर येई. दोन दिवसांनी लक्षात आले, की राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे उपकरणांना पत्ते आणि डीएनएस कळवणाऱ्या सोयीत, पायच्या पत्त्याखाली आधार म्हणून मीच ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस भरला होता. दुसरा डीएनएस केवळ पहिला बंद पडल्यावरच वापरला जातो, हा माझा समज चुकीचा होता. उपकरण दोघांपैकी कोणालाही विचारू शकते, आणि बाहेरच्या सर्व्हरने 'असे नाव नाही' असे सांगितले, की तेच अंतिम उत्तर मानून ते थांबते. पायला विचारतच नाही. ती नोंद काढल्यावर संगणक सुरळीत झाले. मोबाइल मात्र अडूनच राहिला, कारण त्याच्या 'खासगी डीएनएस' या सेटिंगमध्ये बाहेरच्या पुरवठादाराचे नाव भरलेले होते. ते बंद केले.

आता पाय बंद पडला तर दुकानाचे सगळे इंटरनेट अडेल, म्हणून तो राउटरच्याच यूपीएसवर ठेवला आहे आणि तीच फाइल असलेला दुसरा पाय दुसऱ्या डीएनएसच्या जागी भरला आहे. परवा वीज जाऊन आल्यावर दिवाणजींनी नाव टाइप केले आणि पट्टी छापायला घेतली.