भरतकाम आधी उलटं करून बघा

पैठणी घ्यायला गेलं की आपल्याकडच्या बायका पहिलं काय करतात तर पदर उलटा करून बघतात. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर मागून पण जवळपास पुढच्यासारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा तिथल्या तिथं शेजारच्या धाग्यात अडकवत विणलेला असतो, मागून उड्या मारत जात नाही. हे आमच्या मराठवाड्यात कुणालाही विचारा, सांगतील. पण त्याच साडीवरचं आरी वर्कचं, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरलेलं ब्लाऊज हातात आलं की सगळ्या पुढूनच बघतात! आणि खरं तर तिथं मागची बाजू जास्त बोलते.

मी टेक्स्टाइल डिझाईन शिकतेय आणि सध्या सरफेस डेकोरेशनमध्ये पार बुडालेय. पैठणी, हिमरूच्या शाली याच्यात येत नाहीत, त्यांची नक्षी मागावर कापडाबरोबरच तयार होते. सरफेसचं काम कापड तयार झाल्यावर सुरू होतं, म्हणजे छपाई, बांधणी, भरतकाम, मणी, आरसे वगैरे. कापड स्वतःची वीण आणि वजन घेऊन आलेलं असतं, आपण त्याच्यावर नंतर जातो, त्यामुळं आधी त्याला विचारायला पाहिजे की तुला किती झेपेल.

आपल्या आज्या नेसायच्या त्या इरकलीवर कर्नाटकात कसुती करतात, गोपूर, हत्ती, तुळशी वृंदावन असं. चित्र काढायचं नाही, कापडाचे धागे मोजून टाका घ्यायचा. त्यातला गवंती टाका म्हणजे धावदोरा घालत पुढं जायचं आणि त्याच वाटेनं परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या, गाठ मारायचीच नाही, त्यामुळं पुढची ओळ आणि मागची ओळ एकसारखी दिसते. लखनौच्या चिकनमध्ये तर मलमलीच्या उलट्या बाजूला आडवेतिडवे टाके घालतात आणि पुढून फक्त त्यांची सावली दिसते, इतकं सुंदर दिसतं ते! पंजाबातली फुलकारी पण जाड खादीवर मागूनच धागे मोजत भरतात. म्हणजे बघा, कितीतरी कामांत करणारीचं लक्ष उलट्या बाजूलाच असतं.

आणि लांब कशाला जायचं, किनवट-माहूरकडच्या बंजारा तांड्यांवर आरसे लावलेल्या जुन्या फेटिया-कांचळ्या, म्हणजे घागरे-चोळ्या, अजून जपून ठेवलेल्या असतात. आरशाला भोक नसतं, मग तो बसतो कसा? आधी त्याच्यावरून उभे-आडवे दोरे टाकून चौकट करतात, मग त्या चौकटीला धरून गोल काजाचा टाका घालत जातात, दोरा ओढला जातो तशी चौकट कडेला सरकते आणि आरसा घट्ट बसतो. एक म्हातारी मला म्हणली, "पोरी, आरसा दोऱ्यानं धरायचा, डिंकानं नाही." खाली जाडंभरडं सुती कापड असतं म्हणून कवड्या आणि नाण्यांचं वजन पण ते पेलतं. तीच डिझाईन उचलून जॉर्जेटवर टाकली की कापड लोंबणार म्हणजे लोंबणारच.

आता आरी. सध्या गल्लोगल्ली क्लास आहेत आणि मला त्याचा खरंच आनंद आहे, घरात बसून बायका कमवायल्यात. खाका, म्हणजे कागदावरची नक्षी, सुईनं टोचायचा, रॉकेलात कालवलेली झिंक पावडर बोळ्यानं फिरवायची, छाप उठला की खाटल्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, कापड ताणून सुरू. दोरा खालच्या हातात, सुईच्या आकड्यानं तो वर ओढायचा, साखळीतला प्रत्येक टाका पुढच्या टाक्यानं अडकतो. म्हणूनच शेवटचा टाका नीट बंद केला नसेल तर एक टोक ओढलं की अख्खी ओळ सरसर उसवत येते. हे फक्त मागूनच कळतं. ब्लाऊज उलटं करा, ओळींचे शेवट बघा, पातळ कापडाखाली अस्तर घेतलंय का बघा, आणि शिलाईच्या जागेत कटदाणा, म्हणजे काचेचे बारीक नळीसारखे मणी, आलाय का ते पण, कारण तिथं मशीनची सुई तुटते. आणि पैठणीच्या रेशमी काठावर भरगच्च स्टोन लावायला माझा सरळ विरोध आहे, रेशमात सुईची भोकं राहतात आणि काठाची स्वतःची नक्षी झाकली जाते ती वेगळीच.

जे कुणी हा विषय शिकतायत त्यांना एक सांगते, फाईलमध्ये सॅम्पल चारही बाजूंनी कार्डाला चिकटवू नका. वरच्या कडेला फक्त दोन टाके घालून अडकवा, म्हणजे ते उचलून मागून पण बघता येतं.